शिकागो ब्लूज ऐकायला सुरुवात करतोयस? आधी लाइव्ह घे

मित्रा, शिकागो ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं ब्लूज संगीत, शिकागोत इलेक्ट्रिक गिटार आणि अॅम्प्लिफायरवर घडलेलं. पहिल्याच दिवशी सगळ्यांचे सगळे अल्बम जमवत बसू नकोस. एकच घे, या संगीतातला दादा गायक-गिटारिस्ट मडी वॉटर्सचं न्यूपोर्ट जॅझ फेस्टिव्हलमधलं 1960 चं रेकॉर्डिंग. त्यातलं 'गॉट माय मोजो वर्किंग' लाव, पब्लिक एवढं पेटतं की बँड तेच गाणं परत वाजवतो.

नवीन मंडळी हमखास चुकतात ती इथे:

– नुसती गिटार सोलोची वाट बघतात. अरे खरा दम खाली आहे, ड्रम आणि बासच्या शफलमध्ये, म्हणजे झुलत्या ठेक्यात. आधी फक्त तेच ऐक, मग परत लावून ओटिस स्पॅनचा पियानो, मग जेम्स कॉटनचा माउथऑर्गन.

– आवाज फाटतोय म्हणून रेकॉर्डिंग खराब समजतात. लिटल वॉल्टरसारखे लोक माइक माउथऑर्गनसकट मुठीत दाबून अॅम्प्लिफायरमधून वाजवायचे, तो जाड खरखरीत आवाज मुद्दाम काढलेला असतो बरं!

– फोनच्या स्पीकरवर ऐकतात. बास गेला की निम्मी मजा गेली, निदान बरे हेडफोन तरी घे.

12 बार (गाण्याचा ठरलेला साचा), स्केल्स, कुठल्या कंपनीची रेकॉर्ड चांगली, हे सगळं नंतर बघू. त्याऐवजी गिटारिस्ट बडी गायचे लाइव्ह व्हिडिओ बघ (2011 ला मुंबईत मेहबूब स्टुडिओतही वाजवून गेलाय). बँडला एकदम कुजबुजीवर आणतो, लोक कान टवकारतात आणि मग अचानक असा काही फोडतो की विचारू नकोस. हे जमलं की गायक हाउलिंग वुल्फचं 1972 चं शिकागोतलं लाइव्ह लाव, पण घाई नको.