३,००० गुणिले २७

ताई, आमचे हे चौदा वर्षं ट्रेलर चालवतात. न्हावा शेवा बंदरातून चाकणला कंटेनर नेतात. शेठच्या ११ गाड्या, ११ ड्रायव्हर. पगार १८ हजार, वर फेरीमागे भत्ता. तीन वर्षांत एक रुपया वाढला नाही. आता यार्डातली पोरं म्हणतायत, गाड्या उभ्या करू. एसटीवाल्यांनी संप करून पगार वाढवून घेतला, आपण का नाही? सगळ्यांच्या पुढे हेच आहेत आणि मला झोप नाही. सव्वादोन वर्षांपूर्वी मुलीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनला शेठनी ७० हजारांची उचल दिली होती. महिन्याला ३ हजार कापतात, ती आता फिटत आलीय असं म्हणतात. माणूस तसा वाईट नाही. मी बचत गटाचे हिशोब बघते, तिथल्या बायकाही म्हणतात, नवऱ्याला आवर. संपानं खरंच पगार वाढतो का? की यांना थांबवू?
— एक वाचक, कळंबोली

बाई, संपाचं नंतर. आधी सांगा, ३,००० गुणिले २७ किती?

८१,०००. घेतले होते ७०,०००. म्हणजे उचल 'फिटत आलीय' कुठली, ती फिटून वर ११,००० गेलेत. गटातल्या एखादीचा ५० रुपयांचा हप्ता राहिला तर तुम्ही भर बैठकीत बोट ठेवून दाखवत असाल. आणि स्वतःच्या घरचा हिशोब शेठच्या वहीत, ती वही तुम्ही पाहिलेली नाही, आणि पत्रात लिहिता काय, तर 'असं म्हणतात'! शेठ वाईट नसेलही. वाईट नसलेल्या मालकाच्या वहीतही चूक होते, फक्त ती कामगाराच्या बाजूनं झाल्याचं फारसं ऐकिवात नाही.

शेठनी व्याज धरलं असेल, तर दर काय ठरला होता? फुटलेला टायर किंवा डिझेलचं ॲव्हरेज कमी आलं म्हणून काही त्यातच घातलं असेल, तर कधी आणि किती? नुकसानीपोटी पगार कापण्याआधी कामगाराचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाही. वेतन संहितेत हे स्पष्ट आहे. यांना कोणी विचारलं होतं?

तुम्हाला वाटेल, मी संपाचं विचारलं आणि ताई उचलीवर घसरल्या. पण ड्रायव्हरांचा संप मोडतो तो उचलीवरच. पोलीस लागत नाहीत, कोर्ट लागत नाही. चौथ्या दिवशी शेठ एकेकाला फोन करतो, "आधी माझे पैसे ठेव, मग गाडी उभी कर." किती पैसे, हे ड्रायव्हरला माहीत नसतं, त्यामुळे त्याला उत्तर देता येत नाही. संध्याकाळपर्यंत तीन गाड्या बंदराच्या रांगेत लागलेल्या असतात.

एसटीचं उदाहरण यार्डात जोरात चाललंय, तर ते नीट बघा. संप सुरू झाला २०२१ च्या दिवाळीच्या सुमाराला. २४ नोव्हेंबरला सरकारनं मूळ वेतनात वाढ जाहीर केली, १० वर्षांपर्यंत सेवा असलेल्यांना ५,०००, २० वर्षांपर्यंत ४,०००, त्यापुढे २,५००. संप मात्र महामंडळाच्या राज्य सरकारमध्ये विलीनीकरणासाठी एप्रिल २०२२ पर्यंत ताणला आणि विलीनीकरण काही झालं नाही. पगार वाढला, कारण मालक एक, हजेरीपट एक, आणि प्रत्येकाच्या हातात पगाराची स्लिप. मूळ वेतन किती यावर कोणाचा वाद नव्हता, वाद होता तो किती वाढवायचं यावर. यांचं मूळ किती आहे, सांगता येईल? १८ हजार बँकेत येतात की रोख? भत्त्यातून जेवणखर्च आणि पार्किंग जाऊन हातात काय उरतं?

दुसरं, 'चक्का जाम' या शब्दाला भुलू नका. जुलै २०१८ मध्ये देशभर आठवडाभर ट्रक उभे होते, पण तो मालकांचा संप होता. मागण्या डिझेल, टोल आणि विम्याच्या. भत्ता फेरीवर असेल तर अशा बंदात ड्रायव्हर मालकासाठी उपाशी बसतो. जानेवारी २०२४ चा बंद मात्र खरा ड्रायव्हरांचा. अपघात करून पळाल्यास १० वर्षांपर्यंत शिक्षेच्या नव्या कलमाविरुद्ध. दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, सरकारनं बोलणी केली, आणि १ जुलैला नवा फौजदारी कायदा लागू झाला तेव्हा ते कलम बाजूला ठेवलं होतं. तिथे मागणी एक होती आणि मागायचं होतं एकाच सरकारकडे. पगार मागायचा तर शेठ हजारो, आणि प्रत्येकाची वही वेगळी. म्हणून देशभराचं सोडा. तुमच्या बाबतीत शेठ एकच आहे आणि गाड्या ११, हे तुमच्या फायद्याचंच आहे.

अकरा जण एकदम थांबले तर शेठला झोंबतं. गाड्यांचे हप्ते थांबत नाहीत. निर्यातीचा कंटेनर त्या जहाजासाठी बंदराचं गेट बंद व्हायच्या आधी आत गेला नाही तर पार्टी, म्हणजे ज्यांचा माल ती कंपनी, बोंब मारते. आयातीचा रिकामा डबा, म्हणजे कंटेनर, जहाज कंपनीनं दिलेल्या मोफत दिवसांत परत गेला नाही की भाडं चढायला लागतं. शेठ बाजारातून गाड्या उचलेल, त्याही महाग दरानं. हे दोन-चार दिवस दुखतं, महिनाभर नाही. तेव्हा पहिल्या दिवशीच टेबलावर ठेवायला आकडा हवा, आणि तो आकडा यार्डातल्या कोणाकडेही नाही.

तो तुम्ही काढायचा. २०० पानी वही घ्या आणि प्रत्येक फेरीला एक ओळ. तारीख, गाडी नंबर, कंटेनर नंबर, निघताना आणि परतताना किलोमीटर, डिझेल किती लिटर. खर्ची, म्हणजे वाटखर्चाचे पैसे, किती मिळाली आणि कशात गेली, वराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी), पार्किंग, पंक्चर, सगळं वेगवेगळं. भत्ता किती ठरला, किती दिला, कापलं तर कशासाठी. आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना वेळेचा. बंदराच्या गेटवर कधी लागले, आत कधी गेले, चाकणला गाडी कधी खाली झाली, रिकामा डबा कधी जमा झाला. यांनी फक्त गेट पासाचा आणि पावतीचा फोटो त्याच वेळी तुमच्या व्हॉट्सॲपवर टाकायचा, वेळ आपोआप नोंदली जाते. खर्ची रोख घेणं बंद, यूपीआयवरच घ्यायची. रात्री दमून आलेल्या माणसाला वही लिहायला लावलीत तर आठवड्यात बंद पडेल, म्हणून लिहिणार तुम्ही.

महिन्यानं बेरीज करा. १८,००० भागिले २६ दिवस, रोजचे ६९२. दिवस १४ तासांचा निघाला तर भत्ता सोडून तासाला ४९ रुपये. मग थांबण्याचे तास वेगळे काढा. पार्टीनं गाडी अडकवून ठेवली की बरेच वाहतूकदार तिच्याकडून हॉल्टिंग, म्हणजे थांबण्याचं भाडं, लावतात. शेठही लावत असतील तर त्यातलं यांच्या हातात काय येतं? 'पगार वाढवा' म्हटलं की शेठ हात वर करतात. 'तुम्ही घेतलेल्या हॉल्टिंगमध्ये आमचा वाटा द्या' म्हटलं की विचार करायला लागतात.

तुमच्याच कळंबोलीच्या लोखंड बाजारात ट्रक भरणाऱ्या माथाड्याला मंडळ आहे, नोंद आहे. अण्णासाहेब पाटलांनी माथाडी एक केले आणि १९६९ चा कायदा झाला. तोच ट्रक चालवणाऱ्याची नोंद मात्र शेठच्या डायरीत!

एवढं झाल्यावर संप करायचाच ठरला तर १४ दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते, नोव्हेंबर २०२५ पासून हा नियम सगळ्या उद्योगांना आहे. प्रत कामगार आयुक्त कार्यालयात द्या आणि पोच घ्या. समेटाची बोलणी चालू असताना गाडी उभी करायची नाही. 'एकदम सुट्टी टाकू' ही यार्डातली युक्ती चालत नाही, निम्म्यांनी ठरवून टाकलेली सुट्टी संपातच धरतात. विनानोटीस थांबलात तर १० हजारांपर्यंत दंड, महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते, आणि पुढे असणारे म्हणून पहिलं नाव यांचं. युनियनच्या नोंदणीला सात जण पुरतात, तुमच्याकडे अकरा आहेत.

तर यांना थांबवू नका आणि ढकलूही नका. या रविवारी गटाची बैठक संपली की उरलेल्या दहा ड्रायव्हरांच्या बायकांना बसवून घ्या, ज्या गावी असतील त्यांना फोन लावा. प्रत्येकीला एकच प्रश्न, उचल किती घेतली, कधी घेतली, महिन्याला किती कापतात. गुणाकार तिथेच करा, मोठ्यानं. अकरा वह्या सुरू होऊन दोन महिने होईपर्यंत यार्डात संपाचा शब्द काढायचा नाही, हे यांना माझ्या नावानं सांगा.

आणि १ तारखेला पगार घेताना यांनी शेठना सांगायचं, "उचलीचा हिशोब कागदावर द्या, बायको मागतेय." पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकाची असते आणि दावा तीन वर्षांत करता येतो. जादा कपात चोविसाव्या महिन्यापासून सुरू झालीय, तेव्हा अजून वेळ आहे.