सीनाकाठची टोकं: अमेरिकन चार्ट बंद करा, आधी जागा लिहा

मोहोळकडच्या रानात सापडलेल्या टोकदार दगडाचा फोटो टाकून तुम्ही विचारलंय की हा अमेरिकन बाणाग्रांच्या चार्टमध्ये कुठे बसतो. वाचून मला माझी पहिली दोन वर्षं आठवली. तो चार्ट बंद करा. क्लोविस ही उत्तर अमेरिकेतली फार जुनी शिकारी संस्कृती, तिच्यासारखी बोटभर लांबीची, बुडापासून वर खोबण काढलेली टोकं तिकडची. आपल्याकडे गारगोटीची बारीक पाती काढायचे, तिची पाठ, म्हणजे धारेसमोरची कड, बोथट करून चंद्रकोर नाहीतर त्रिकोण घडवायचे आणि असे तुकडे लाकडात डिंकाने बसवायचे. म्हणून तुमचा दोन सेंटीमीटरचा तुकडा कदाचित अख्ख्या हत्याराचा एक दात असेल.

आता माझी चूक. सीनेच्या काठची तीन रानं मी दोन उन्हाळे फिरलो, साठेक तुकडे जमले आणि सगळे एकाच श्रीखंडाच्या डब्यात टाकले. वर चुनखडीचा पांढरा थर होता, तो काढायला रात्रभर फरशीच्या ॲसिडमध्ये ठेवले, सकाळी काचेसारखे चमकले आणि मला केवढा आनंद झाला! एका सरकारी कार्यालयात घेऊन गेलो तर तीन चकरा मारायला लावल्या, डबा न उघडताच ‘दगडच आहेत’ म्हणाले, त्याचा राग अजून आहे. पण खरा घाव नंतर पुण्यात बसला. एका जाणकाराने हातात घेऊन विचारलं, यातला कुठला कुठल्या रानातला, शेजारी खापरं होती का? मला एकाचंही सांगता आलं नाही. आणि सगळं त्यावरच असतं हो, कारण अशी पाती मध्याश्मयुगात, म्हणजे शिकारीवर जगायच्या काळात आहेत, तशी ताम्रपाषाण काळातही, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या काळातही आहेत, घोडनदीकाठच्या इनामगावला (इ.स.पू. १६०० ते ७००) रंगीत खापरांबरोबर निघालीत. नुसत्या आकारावर काळ ठरत नाही.

मी चादरीच्या कारखान्यात हिशेब बघतो, पुरातत्त्वज्ञ नाही, तेव्हा हे अनुभवाचं म्हणून घ्या. तुमच्या दगडाला बाजूने टॉर्च मारा. ठोका बसला तिथे फुगवटा आणि तिथून पाण्यात खडा टाकल्यासारखी वलयं दिसली तर बहुतेक माणसाने काढलेला. कडेचे टवके आतून ताजे, वेगळ्या रंगाचे दिसले तर ते ट्रॅक्टरच्या फाळाचे समजा. प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात गुंडाळा, डब्यात एकमेकांवर आपटूनही कडेला खोटे टवके पडतात. धुवायचा तर साध्या पाण्याने, तेही आधी फोटो काढून.

आणि पुढच्या वेळी खाली वाकायच्या आधी मोबाईलवर जागेचा पिन टाका, गट नंबर लिहा. खापर दिसलं तर उचलू नका, तिथेच फोटो घ्या. खणू तर अजिबात नका.