काही होत नाही, तरी गोळ्या का?

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

रिपोर्ट वाचला. पाचवा महिना, लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ई. कोलाय नावाचे जंतू, एका मिलीलीटरला १ लाखाहून जास्त. ताप नाही, जळजळ नाही. डॉक्टरांनी सात दिवसांच्या गोळ्या दिल्यात आणि त्या अजून मेडिकलच्या पिशवीतच आहेत. मला काहीच होत नसताना बाळाच्या अंगात औषध कशाला घालू, असं तू विचारतेस.

विचारलंस ते बरं झालं. बायका विचारत नाहीत, गोळ्या गुपचूप खिडकीत ठेवून देतात.

तुझी नणंद म्हणते की तिलाही मागे असेच जंतू निघाले होते आणि कुणी काही दिलं नाही. ती खोटं बोलत नाही. दिवस गेलेले नसताना, त्रास नसेल तर या जंतूंना सहसा औषध देत नाहीत. गरोदरपणात मात्र देतात. प्रोजेस्टेरॉन या गरोदरपणात वाढणाऱ्या संप्रेरकामुळे मूत्रपिंडाकडून खाली येणाऱ्या नळ्या सैल पडतात, त्यात गर्भाशयाचा दाब, म्हणून लघवी तुंबून राहते आणि जंतूंना वर चढायला वाट मिळते. गर्भाशय उजवीकडे कलतं, त्यामुळे बहुतेकदा उजवं मूत्रपिंड सापडतं. बोस्टनच्या डॉ. एडवर्ड कास यांनी १९५०च्या दशकात याचा पाठपुरावा केला; जंतू खरेच आहेत असं मानायची १ लाखाची मर्यादाही त्यांच्याच कामातून आली. असे जंतू असूनही औषधाविना सोडलेल्या गरोदर बायकांपैकी पाव भागाला पुढे मूत्रपिंडाचा संसर्ग होतो, असं त्या काळच्या अभ्यासांत दिसलं होतं.

तो संसर्ग मी प्रसूती विभागात पुष्कळ पाहिला. हुडहुडी भरते, दोन चादरी घातल्या तरी दात वाजत राहतात. कंबरेच्या वर एका बाजूला हात लावू देत नाहीत. उलट्यांमुळे पोटात गोळी टिकत नाही, म्हणून शिरेतून औषध. आणि मध्येच पोट कडक व्हायला लागलं की आम्हा सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे, कारण दिवस भरायच्या आत कळा सुरू होण्याची भीती. बाळाला औषध नको म्हणून तू गोळी टाळशील, आणि मग त्याच बाळाला याहून जास्त औषधं सोसावी लागतील.

तुला दिलेली नायट्रोफ्युरँटॉइन पाचव्या महिन्यात चालते. जेवणानंतर लगेच घे, नाहीतर मळमळतं. लघवी गडद पिवळी, तपकिरी होईल; ते औषधाचंच लक्षण, घाबरून फोन करू नकोस. तुला किंवा माहेरी कुणाला जी६पीडीची (रक्तातल्या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची) कमतरता असेल तर मात्र पहिली गोळी घ्यायच्या आधी डॉक्टरांना सांग. दिवस भरत आल्यावर ही गोळी टाळतात, पण तोवर तुझा कोर्स कधीच संपलेला असेल. घरात उरलेली सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा डॉक्सिसायक्लिन कुणी पुढे केली तर हात लावू नकोस, त्या गरोदरपणात टाळतात.

सासूबाई म्हणणार, उन्हाळी लागलीय, धने-जिऱ्याचं पाणी दे. पी की! पाणी पोटात जातंय ना. त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. फक्त गोळीच्या जागी ते पाणी नको.

आता तू शेवटी, दोन ओळींत उरकलंस त्याबद्दल. 'मी नीट स्वच्छता ठेवली नाही का?' नाही गं. हा जंतू तुझ्याच आतड्यात राहणारा आहे, बाईचा मूत्रमार्ग आखूड आणि गुदद्वार जवळ, एवढीच त्याची कथा. नवऱ्याकडून आलेला रोग नव्हे, नवऱ्याला गोळ्या लागत नाहीत, आणि घरात कुजबुज झालीच तर हेच सांग. खरं म्हणजे ऑफिसात धड संडास नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या, एसटी स्टँडवर नाक दाबून परत फिरणाऱ्या बायकांना मी दोष देऊच शकत नाही. मुंबईत बायकांना 'राइट टू पी', म्हणजे लघवीला जायचा हक्क, म्हणत चळवळ करावी लागली, यात काय ते आलं. तू मात्र आता तुंबवून धरू नकोस. साहेबांना काय वाटायचं ते वाटू दे.

गोळ्या संपल्या की साधारण आठवड्याने पुन्हा कल्चर करायचं. हे सगळ्यात जास्त राहून जातं, कारण तेव्हाही काही होत नसतं. नमुना देताना पाण्याने धुऊन घे, पहिली धार जाऊ दे, मधली बाटलीत धर, आणि दोन तासांत लॅबला पोचव. 'मिक्स्ड ग्रोथ', म्हणजे अनेक जंतूंची सरमिसळ, आलं तर बहुधा नमुना बिघडलाय, पुन्हा दे. खर्च जड वाटत असेल तर सरकारी रुग्णालयात जा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईच्या तपासण्या आणि औषधं मोफत आहेत.

थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, सतत उलट्या, पोट पुन्हा पुन्हा कडक होणं, अंगावरून पाणी किंवा रक्त जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं काहीही झालं तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. १०८ लाव, मग मला.

आज रात्री जेवलीस की पहिली गोळी घे आणि घेतलीस म्हणून कळव. दुसऱ्या कल्चरचा रिपोर्ट आला की दोन्ही पानांचा फोटो पाठव; कुठलं औषध लागू पडतं ते दुसऱ्या पानावर असतं आणि तेच पान सगळ्या पाठवायचं विसरतात.

तुझी,
सिस्टर