माऊसपॅड घ्यावा की नाही?

आधी टेबल बघा. साधा मॅट सनमायका किंवा पॉलिश न केलेलं लाकूड असेल तर ऑप्टिकल माऊस (आताचा, खालून प्रकाश टाकणारा) पॅडशिवाय व्यवस्थित चालतो. पॅडची खरी गरज होती ती जुन्या बॉलच्या माऊसला; गुळगुळीत टेबलावर तो बॉल नुसता घसरायचा.

आताचा माऊस खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजाराहून जास्त फोटो काढतो आणि त्यांतल्या फरकावरून हालचाल ओळखतो. काच किंवा चकचकीत सनमायका असेल तर त्या फोटोंत धरून ठेवण्यासारखं काही सापडत नाही. मग कर्सर थरथरतो, उड्या मारतो, नाहीतर जागचा हलतच नाही. अशा वेळी लगेच नवा माऊस मागवू नका. खाली एक पांढरा कोरा कागद ठेवून बघा. कर्सर सुधारला तर दोष टेबलाचा. तरीही अडखळत असेल तर माऊस उलटा करा आणि सेन्सरच्या (फोटो काढणाऱ्या भागाच्या) खाचेत अडकलेला केस किंवा धूळ काढा. बहुतेकदा तेवढंच असतं.

खडबडीत टेबलावर माऊसचे टेफ्लॉनचे पाय लवकर झिजतात, तिथे पॅड हवाच. ऑफिसच्या कामाला साधारण २५ बाय २० सेंटिमीटरचा, खाली रबर असलेला कापडी पॅड पुरे. गेमिंगमध्ये सेन्सिटिव्हिटी (माऊस हलवला की कर्सर किती सरकतो ते) कमी ठेवत असाल तर मात्र ४५ बाय ४० च्या आसपासचा घ्या, नाहीतर दर वळणाला माऊस उचलावा लागेल. पॅडच्या कडेच्या रंगीबेरंगी आरजीबी दिव्यांवर पैसे घालवू नका.

मळला की कोमट पाणी, चार थेंब शॅम्पू, आणि सावलीत वाळवा. उन्हात रबर कडक होऊन कडा वर वळतात.