अपील परिषदेनेही नकार दिला. आता न्यायालयात काय मांडावे?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ न्यू जर्सीत गोदामात कामाला होता. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर त्याला फार वेळ बसवतही नाही. अमेरिकेच्या सोशल सिक्युरिटी (सामाजिक सुरक्षा) प्रशासनाकडे केलेला अपंगत्व भत्त्याचा त्याचा अर्ज तेथील प्रशासकीय न्यायाधीशांनी फेटाळला आणि आता त्याच प्रशासनाच्या अपील परिषदेनेही फेरविचारास नकार दिला. मधल्या काळात त्याने मुंबईत घेतलेल्या उपचारांचे कागद माझ्याकडे आहेत. ते जोडून मी इथूनच दाद मागू शकते का?
– एक वाचक, दादर

उत्तर : आधी नकाराच्या पत्रावरची तारीख पाहा. पत्र मिळाल्यापासून ६० दिवसांत दावा दाखल व्हावा लागतो आणि पत्र त्यावरील तारखेनंतर ५ दिवसांनी मिळाले, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. दावा भाऊ राहतो तेथील फेडरल जिल्हा न्यायालयात, सोशल सिक्युरिटीच्या आयुक्तांविरुद्ध, त्याच्या किंवा त्याच्या वकिलाच्या सहीने करावा लागेल. त्याच्या वतीने तुम्हाला तो चालवता येणार नाही. शुल्क परवडत नसल्यास माफीसाठी अर्ज करता येतो.

यापुढचा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. भाऊ किती आजारी आहे, हे न्यायालय नव्याने ठरवत नाही. आधीचा निर्णय कायद्याला धरून आहे का आणि त्याला पुरेशा पुराव्याचा आधार आहे का, एवढेच ते तपासते. म्हणून दुखण्याची कहाणी पुन्हा लिहिण्यापेक्षा निकालपत्र ओळीओळीने वाचा. समजा, शल्यचिकित्सकांनी ‘वीस मिनिटांहून अधिक बसू शकत नाही’ असे लिहिले असेल आणि न्यायाधीशांनी ते मत का नाकारले याचे कारण न देताच दिवसाला सहा तास बसून काम करता येईल असे म्हटले असेल, तर दाव्याचा खरा मुद्दा तिथे आहे.

मुंबईचे कागद मात्र सरसकट विचारात घेतले जात नाहीत. ते नवे असावेत, निकालापूर्वीच्या काळातील प्रकृतीवर प्रकाश टाकणारे असावेत आणि आधी सादर न होण्यास सबळ कारण असावे. तरीही न्यायालय स्वतः त्यांवर निर्णय न देता प्रकरण प्रशासनाकडे परत पाठवते. उपचार निकालानंतरचे असतील, तर ते नव्या अर्जात उपयोगी पडतील. पण नोकरी सुटून बरीच वर्षे झाली असल्यास नोकरीमुळे मिळालेले त्याचे सोशल सिक्युरिटीचे विमासंरक्षण कधी संपते, हे आधी पाहावे.

वकिलाचा खर्च आगाऊच द्यावा लागेल, या भीतीने थांबू नका. न्यायालयातील कामासाठी दावा यशस्वी झाल्यावर थकीत भत्त्याच्या २५ टक्क्यांपर्यंत फी न्यायालय मंजूर करू शकते, त्यामुळे अनेक वकील आगाऊ पैसे मागत नाहीत. डिस्चार्ज कार्ड व तपासण्यांचे अहवाल यांच्या स्पष्ट प्रती तारखांसह भावाच्या वकिलाकडे याच आठवड्यात पाठवा.