ऊन, उन्हात आणि मधला ‘ह’

प्रश्न असा आहे: ‘ऊन’ या शब्दात ‘ह’ नाही, मग ‘उन्हात’, ‘उन्हाने’, ‘उन्हाचा’ या रूपांत तो कुठून येतो, आणि बोलताना जेमतेम ऐकू येणारा हा ‘ह’ गाळून ‘उनात’ असे लिहिले तर काय बिघडते? प्रश्नकर्त्यांनी जोडीला आणखी एक विचारले आहे. ‘उन्हाचा पारा ४२ अंशांवर’ हा बातम्यांमधला प्रयोग बरोबर आहे की चूक? दर एप्रिलमध्ये हा प्रयोग कानावर आला की मला त्याचा त्रास होतो, पण त्याचे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावाचून देता येत नाही, म्हणून क्रमानेच जातो.

‘उणे’ या अर्थाचा संस्कृत ‘ऊन’, जो आपल्या ‘एकोणीस’मध्ये बसला आहे, आणि लोकर या अर्थाचा हिंदी ‘ऊन’, जो ‘ऊर्णा’पासून आला, यांचा इथे संबंध नाही. आपले ऊन ‘उष्ण’ या शब्दापासून आले आहे. वररुची आणि हेमचंद्र या दोन्ही प्राकृत व्याकरणकारांनी नियमच सांगून ठेवला आहे की संस्कृतातील ‘ष्ण’, ‘स्न’, ‘श्न’, ‘ह्न’ अशा जोडाक्षरांच्या जागी प्राकृतात ‘ण्ह’ येतो. त्यानुसार कृष्णाचा ‘कण्ह’ झाला आणि पुढे आपला कान्हा, कान्होबा. ‘स्नान’चे ‘ण्हाण’ झाले आणि पुढे न्हाण. ‘तृष्णा’ची ‘तण्हा’ झाली आणि पुढे तहान. त्याच वाटेने ‘उष्ण’चे ‘उण्ह’ झाले आणि ‘उष्णकाल’चा उन्हाळा. याचा अर्थ असा की ‘उन्हात’मधला ‘ह’ कुठूनही येत नाही. तो पहिल्यापासून तिथेच आहे. गेला आहे तो ‘ऊन’मधून.

तो का गेला, हे जिभेला विचारले तर लगेच कळते. मराठीत ‘न्ह’ हा जवळजवळ एकच, महाप्राण (म्हणजे ‘ह’ची फुंकर) मिसळलेला अनुनासिक ध्वनी आहे. त्याच्यापुढे स्वर असेल तर तो सहज उच्चारता येतो: न्हावी, पान्हा, कान्हा. शब्दाच्या अगदी शेवटी मात्र, पुढे स्वराचा आधार नसताना, महाप्राण टिकवणे अवघड जाते. ‘उण्ह’मधला शेवटचा ‘अ’ मराठीत उच्चारातून गेला, ‘न्ह’ शब्दाच्या टोकाला उघडा पडला, त्यातला ‘ह’ झडला आणि आधीचा उकार दीर्घ होऊन ‘ऊन’ उरले. प्रत्यय लागला की पुढे पुन्हा ‘आ’ येतो, आणि ‘ह’ला आधार मिळतो. ‘फूल’चे ‘फुलात’ होताना उकार जसा ऱ्हस्व होतो, तसा तो इथेही ‘उन्हात’मध्ये होतो. त्यात काही वेगळे नाही.

प्रश्नकर्त्यांना शाळेत असे सांगितले गेले होते की सामान्यरूप होताना इथे ‘ह’चा आगम होतो, म्हणजे तो नव्याने येऊन मिळतो. हे मत मला पूर्णपणे अमान्य आहे, आणि ते अजूनही शिकवले जात असेल तर ताबडतोब थांबावे असे वाटते. ‘ह’ जर सामान्यरूपामुळे येत असता तर ‘रान’चे ‘रान्हात’ आणि ‘पान’चे ‘पान्हात’ का होत नाही? आणि ‘उन्हे उतरली’, ‘उन्हे तापली’ असे आपण म्हणतो, तेव्हा ‘उन्हे’ हे तर प्रथमेचे अनेकवचन आहे. तिथे सामान्यरूपाचा प्रश्नच उद्भवत नाही, तरी ‘ह’ हजर आहे. आगमाची कल्पना या एका रूपापुढे टिकत नाही. ज्याला व्युत्पत्ती ठाऊक नाही त्याने ‘आगम’ म्हणावे आणि पुढे जावे, ही सवय मराठी व्याकरणाच्या अध्यापनात फार जुनी आहे.

या ‘ह’चा खरा प्रवास पाहायचा असेल तर गोव्यात आणि मालवणी मुलखात जावे. तिथे गरम पाण्याला, गरम पेजेला ‘हून’ म्हणतात. आपण ‘ऊन ऊन भात’ म्हणतो, तिथे तो ‘हून’ असतो. शब्द तोच, ‘उण्ह’. आपल्याकडे शेवटचा ‘ह’ झडला, तिथे तो झडण्याऐवजी उडी मारून शब्दाच्या आरंभी जाऊन बसला. ‘तहान’मध्ये हेच निराळ्या रीतीने घडले आहे: जुन्या मराठीत ‘तान्ह’, ‘तान्हेला’ अशी रूपे आहेत, आणि तिथला ‘ह’ मागून निघून मध्ये ‘त’च्या शेजारी आला. एकाच ध्वनीला टोकाला राहणे जमेना, तेव्हा एका ठिकाणी तो गळाला, एका ठिकाणी पुढे गेला आणि एका ठिकाणी मधे शिरला. मला या शब्दात सर्वांत जास्त आनंद देणारी गोष्ट हीच आहे, आणि ‘उनात’ लिहिणाऱ्याला या सगळ्या इतिहासावर पाणी सोडावे लागते, याचे मनापासून वाईट वाटते.

यावर जाणकार वाचक एक आक्षेप घेतील आणि तो रास्त आहे. ‘स्नुषा’ची प्राकृतात ‘सुण्हा’ झाली आणि तिची आपली ‘सून’. तिथेही ‘ह’ होता. मग आपण ‘सुन्हेला’ न म्हणता ‘सुनेला’ का म्हणतो? ‘सून’मधला ‘ह’ सगळ्या रूपांतून गेला आणि ‘ऊन’मधला फक्त टोकावरून गेला, असे का? माझ्या मते याचे कारण ‘उन्हाळा’ हा शब्द आहे. ‘सून’ला तिचा ‘ह’ सांभाळणारा कोणी नातलग शब्द उरला नव्हता. ‘ऊन’ला मात्र ‘उन्हाळा’ होता, ज्यात ‘न्ह’ शब्दाच्या मधोमध आहे, त्याच्यापुढे कायम स्वर आहे आणि जो शेतकऱ्यापासून पंचांगकर्त्यापर्यंत प्रत्येकाच्या तोंडी दरवर्षी चार महिने असतो. ‘उन्हाळा’ आणि ‘उन्हात’ ही एकाच घरची रूपे आहेत हे बोलणाऱ्याला जाणवत राहिले, म्हणून ‘उन्हात’ टिकले. जिथे बोलीत ‘उनाळा’ झाला आहे, तिथे ‘उनात’ही झाले आहे, दोघे एकत्र राहिले आणि जिथे गेले तिथे एकत्र गेले, हा माझ्या म्हणण्याला मोठाच आधार आहे. बोलीतले ‘उनात’ अर्थातच अशुद्ध नाही. तिथे ध्वनिबदलाने आणखी एक पाऊल टाकले आहे, एवढेच. प्रमाण लेखनात मात्र ‘उन्हाळा’ आणि ‘उनात’ अशी जोडी लावू नये, कारण ही दोन एकाच घरची रूपे आहेत.

याच ‘न्ह’ची आणखी एक साक्ष कोकणातल्या गावांच्या पाट्यांवर वाचता येते. दापोली तालुक्यात उन्हवरे आहे, सुधागड तालुक्यात पालीजवळ उन्हेरे आहे आणि राजापूरजवळ उन्हाळे आहे. तिन्ही ठिकाणी गरम पाण्याचे झरे आहेत. तिथले पाणी सूर्याने तापलेले नाही. ते भूगर्भात खोलवर जाऊन तिथल्या उष्णतेने तापते आणि वर येते. तरीही गावाच्या नावात ‘उन्ह’ आहे, कारण हा शब्द मुळात सूर्याचा नव्हे, उष्णतेचा आहे. लघवीला जळजळ होऊ लागली की ‘उन्हाळी लागली’ म्हणतात, तीही याच अर्थाने.

दुसरे एक मत खोडणे इथे भाग आहे. ‘ऊन’ हे ‘उषा’शी जोडण्याचा मोह अनेकांना होतो: उषा म्हणजे पहाट, पहाटेनंतर ऊन, म्हणून दोन्ही एकच. ऐकायला गोड, पण चूक. ‘उष्ण’ हा ‘उष्’ म्हणजे जाळणे या धातूचा शब्द आहे, आणि लॅटिनमधले जाळणे या अर्थाचे ‘उरेरे’ त्याचे भावंड आहे. ‘उषस्’ हा चमकणे, उजळणे या अर्थाच्या वेगळ्या मुळाचा शब्द आहे. रोमनांची पहाटेची देवता ‘अरोरा’ तिची नातलग. एकीत भाजणे आहे, दुसरीत उजाडणे. ऊन भाजण्याच्या बाजूचे आहे.

हे लक्षात घेतले की मराठीने केवढी बारकाई राखली आहे ते दिसते. चांदणे हा सूर्याचाच प्रकाश आहे, चंद्रावरून परतून आलेला. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या सुमारे चार लाखांश भागाइतकाच उजळ दिसतो आणि त्याची ऊब त्वचेला जाणवत नाही. म्हणून ‘चंद्राचे ऊन’ असे मराठी माणूस कधीही म्हणणार नाही. (प्राकृतात ‘ज्योत्स्ना’ची त्याच नियमाने ‘जोण्हा’ झाली होती. तो शब्द आपण सोडून दिला आणि ‘चांदणे’ घेतले, याची मला अजूनही हळहळ वाटते.) प्रकाश ‘दिसतो’, ऊन ‘पडते’ आणि ‘लागते’. हिवाळ्यात म्हातारी माणसे अंगणात ऊन खात बसतात, गाद्यांना आपण ऊन दाखवतो, आणि भर दुपारी ऊन मी म्हणत असते. यातल्या एकाही ठिकाणी ‘सूर्यप्रकाश’ बसत नाही. ‘सकाळचा कोवळा सूर्यप्रकाश घ्या’ असा सल्ला देणाऱ्यांनी ‘कोवळे ऊन’ हा शब्द का टाकला, हे मला समजत नाही.

‘पडते’ हे क्रियापद तर भौतिकशास्त्राच्या दृष्टीनेही नेमके आहे. सूर्य सरासरी 15 कोटी किलोमीटर दूर आहे, त्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे 5,500 अंश सेल्सिअस आहे, पण ती उष्णता मधल्या पोकळीतून हवेसारखी वाहत येत नाही. येतो तो प्रकाश, दृश्य आणि अदृश्य दोन्ही, आणि त्याला इथवर यायला 8 मिनिटे 20 सेकंद लागतात. तो जिथे पडतो तिथे शोषला जातो आणि ती वस्तू तापते. ऊन म्हणजे असे पडणे आणि तापवणे, दोन्ही मिळून.

आता पारा. ‘उन्हाचा पारा ४२ अंशांवर’ या प्रयोगाचे समर्थन करणारे म्हणतील की ‘ऊन’ जर ‘उष्ण’पासून आले, तर उन्हाला अंश असायला हरकत काय? हरकत अशी की व्युत्पत्ती म्हणजे आजचा अर्थ नव्हे. मराठीत या शब्दाच्या दोन वाटा झाल्या. ‘ऊन ऊन भात’ यातले विशेषण कोणत्याही उष्णतेसाठी राहिले. ‘ऊन’ हे नाम मात्र सूर्याकडून पडणाऱ्या आणि सावलीने अडणाऱ्या गोष्टीपुरते मर्यादित झाले. (कोकणीत ही दुसरी वाट झालीच नाही. तिथे ‘हून’ म्हणजे फक्त गरम, आणि उन्हाला वेगळा शब्द आहे.) सावलीने जे अडते ते ऊन, आणि हवामान खात्याचा ४२ अंशांचा आकडा तर सावलीतलाच असतो. तापमापक पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवलेला असतो, आणि पेटीचे दार आपल्याकडे उत्तरेला ठेवतात, ते नोंद घेण्यासाठी उघडले तरी आत ऊन पडू नये म्हणून. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश दीपगृह अभियंत्याने तयार केली, आणि तिचा सारा हेतू ऊन बाहेर ठेवून हवा मोजणे हा आहे. म्हणजे जो आकडा मिळवताना ऊन कसोशीने वगळले, त्यालाच आपण ‘उन्हाचा पारा’ म्हणतो.

गच्चीवर वाळवण घातलेल्या कोणत्याही बाईला हा फरक सांगावा लागत नाही. एकाच धोतरावर घातलेल्या कुरडयांपैकी पाण्याच्या टाकीच्या सावलीत गेलेल्या संध्याकाळी बोटाला चिकटतात आणि उन्हातल्या उचलताना कडकड वाजतात. दोन्हींवर हवा एकच होती, पारा एकच होता. ऊन एकीलाच मिळाले.

उन्हाची आणि पाऱ्याची वेळही वेगळी असते. मेच्या मध्यावर, 13 तारखेच्या आसपास, पुण्यात साडेबाराच्या सुमारास सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऊन सर्वांत कडक त्या वेळी असते. हवेचे तापमान मात्र त्यानंतर दोन-तीन तासांनी कमाल गाठते, कारण आधी जमीन तापते आणि मग ती हवेला तापवते. उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो ही समजूतही इथेच सोडून द्यावी: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ जानेवारीच्या सुरुवातीला असते, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, आणि जुलैच्या सुरुवातीला सर्वांत दूर, 15.2 कोटींवर. उन्हाळा होतो तो पृथ्वीचा आस कललेला असल्यामुळे सूर्य आकाशात उंच चढतो आणि दिवस मोठा होतो म्हणून.

ऊन मोजता येत नाही असे मात्र नाही. वेधशाळेत त्यासाठी काचेचा एक भरीव गोळा असतो. कॅम्पबेल यांनी 1853 मध्ये त्याची कल्पना काढली आणि स्टोक्स यांनी 1879 मध्ये ती सुधारली. गोळ्यातून एकवटलेले ऊन मागच्या कागदी पट्टीवर पडते आणि ती जाळत जाते. सूर्य सरकतो तशी जळकी रेघ सरकते, ढग आला की तुटते, आणि संध्याकाळी त्या रेघेच्या लांबीवरून दिवसभरात किती तास ऊन पडले ते काढतात. ‘उष्’ म्हणजे जाळणे हा धातूचा अर्थ त्या पट्टीवर अक्षरशः उमटलेला असतो. या मापाचे एकक तास आहे. उन्हाची तीव्रता हवी असेल तर ती दर चौरस मीटरला किती वॉट अशी सांगतात: वातावरणाच्या वर सुमारे 1,361, आणि निरभ्र दुपारी जमिनीवर सुमारे 1,000. अंश सेल्सिअस यांपैकी कशातच नाही.

म्हणून ‘तापमान ४२ अंशांवर गेले’ असे लिहावे, किंवा चटका सांगायचा असेल तर ‘ऊन रणरणते आहे’, ‘टळटळीत ऊन पडले आहे’ असे लिहावे. आणि कोणी उन्हात उभे असेल, तर ते ‘उन्हात’, ‘ह’सकट.