बाहुलीघर उलटं चिकटलं, आता?

मागच्या अंकात लाकडी बाहुलीघराच्या किटबद्दल चार ओळी काय छापल्या, प्रश्नांचा ढीगच आला, आणि बहुतेकांचा सूर एकच की अर्धं झालंय आणि काहीतरी चुकलंय. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच देऊन टाकलंय.

प्रश्न : ताई, मी रिटायर्ड माणूस, नातीसाठी तीन मजली किट मागवलं, आयुष्यातलं पहिलंच. तळ, दोन्ही बाजूच्या भिंती आणि मधला मजला फेविकॉलने चिकटवून रात्रभर ठेवलं, सकाळी वरच्या खोलीतली पार्टिशन बसवायला गेलो तर खाचच नाही! खाच खालच्या बाजूला, म्हणजे मजला उलटा लागला. सूनबाई म्हणतात सगळं खोला, मला वाटतं खोलायला गेलो तर उरलेलंही मोडेल. काय करू? – एक आजोबा, सुदामानगर

उत्तर : आजोबा, आधी काहीही ओढू नका. मजला उलटा लागला की खाच खाली जाते हे तर झालंच, पण जिन्याचं भोकसुद्धा डावीकडचं उजवीकडे जातं (किंवा पुढचं मागे, तुम्ही कसा पलटला त्यावर). तेव्हा पहिल्यांदा तिथे बघा. जिना सुटा ठेवून पाहा, नव्या जागी भोकाखाली नीट येतोय का, खालच्या मजल्याचं दार किंवा भिंत आड येत नाही ना. जिना नीट बसत असेल आणि आड काही येत नसेल तर माझं स्पष्ट मत, खोलू नका. सरळ जिना कुठल्याही बाजूला उभा राहतो, नातीला काय कळणार की तो डावीकडे असायला हवा होता.

मग राहते फक्त पार्टिशन. तिच्या खालच्या कडेला जी कूस (खाचेत बसणारा दात) बाहेर आलेली असते ती बारीक करवतीने किंवा कटरने हळूहळू कापून टाका, कड पॉलिश पेपरवर घासून सपाट करा आणि पार्टिशन सरळ मजल्यावर उभी चिकटवा. नुसत्या कडेवरचा जोड कच्चा राहतो, त्यामुळे दोन्ही बाजूंनी पायथ्याशी ३-४ मिमीची लाकडी पट्टी लावायची, आइस्क्रीमची काडी उभी चिरली तरी चालते. लांबून ती पट्टी स्कर्टिंगसारखी दिसते, म्हणजे उलट शोभाच. खालच्या खोलीच्या छतात जी खाच उघडी पडली असेल ती लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून भरा, वाळल्यावर घासा, वरून छताचा कागद चिकटवा की झालं.

आता समजा जिना बसतच नाही, खोलावंच लागतंय. मग आधी कड बघा. थर दिसले तर प्लाय, आणि एकसारखा तपकिरी भुशाचा गर दिसला तर एमडीएफ. प्लाय असेल तर व्हाइट व्हिनेगर थोडं कोमट करून ब्रशने जोडावर लावत राहा, मुरू द्या, परत लावा. एमडीएफला मात्र पाणी, व्हिनेगर काहीही नको, तो फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही, तिथे फक्त हेअर ड्रायर. फेविकॉल गरम झाला की मऊ पडतो, म्हणून ड्रायर जोडाजवळ धरून चांगला तापवायचा, पुट्टी लावायची पातळ पट्टी आत सरकवायची, थोडं पुढे गेलं की थांबायचं, परत तापवायचं. घाईत ओढलं की जोड सुटत नाही, प्लायचा वरचा पापुद्राच उचकटून येतो, आणि मग ते बुजवत बसा. सुटल्यावर जुना गोंद पूर्ण खरवडून काढा. वाळलेल्या फेविकॉलवर नवा फेविकॉल धरत नाही, लोक हे विसरतात आणि मग म्हणतात दुसऱ्यांदा चिकटवलेलं हलतंच.

आणि हो, लेझरने कापलेलं किट असेल तर कडा जळून काळ्या असतात, त्या चिकटवण्याआधी हलक्या हाताने घासून घ्या, त्या काजळीवर गोंद नीट बसत नाही.

प्रश्न : छत एका बाजूला टेकतं, दुसऱ्या बाजूला ३ मिमीची फट. किटच खराब आलंय का? परत पाठवू? – स्कीम नं. ७८ मधून

उत्तर : किट बहुतेक ठीक असेल, घर तिरकं झालंय. मेझर टेपने समोरच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. घर ६० बाय ४० सेंमी असेल तर दोन्हीकडे ७२ सेंमीच्या किंचित वर यायला हवं. एक कमी एक जास्त आला की समजा गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. मागची पाठ लावली नसेल तर अजून सोपं आहे, जोड ड्रायरने मऊ करा, जो कर्ण लांब आहे त्याच्या दोन कोपऱ्यांवरून सुतळी बांधा, मधे पेन्सिल घालून पिळत जा, कर्ण सारखे झाले की तसंच रात्रभर ठेवा आणि मग पाठ चिकटवा. पाठच घराला काटकोनात धरते, ती शेवटी लावू म्हणून ठेवणारे इथेच फसतात. पाठ आधीच लागली असेल आणि फट तेवढीच असेल तर उगाच खोलू नका, छताची टेकणारी कड घासून घ्या, उरलेल्या फटीवर पट्टी मारा. पुढच्या वेळी सुतारकामाचा गुण्या घेऊन ठेवा, आपल्या इंदूरच्या सियागंजात हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळेल.

प्रश्न : मी हॉस्टेलवर राहते, ऑनलाइन ती छोटी खोलीवाली किट असतात ना लाइटसकट, ती घेतली. खिडकीचं पारदर्शक प्लास्टिक फेविक्विकने लावलं तर सगळीकडे पांढरं धुकं आलंय, मैत्रीण म्हणते नेलपेंट रिमूव्हरने पूस. आणि लाइट पण लागत नाहीये. – विजयनगर

उत्तर : रिमूव्हर लांब ठेव! त्यात अॅसिटोन असतं, फेविक्विक निघेल पण सोबत खिडकीसुद्धा विरघळेल, ती बहुधा अॅक्रिलिकचीच असते. ते धुकं म्हणजे फेविक्विकची वाफ जवळपासच्या पृष्ठभागावर बसून पांढरी पडते. थोडंसं असेल तर पांढरी टूथपेस्ट (जेलवाली नको) मऊ कपड्यावर घेऊन गोल गोल घास, बरंचसं जातं. फार असेल तर सरळ नवी काच काप, पारदर्शक फाइल फोल्डरचं प्लास्टिक घे, जुनी खिडकी पॅटर्न म्हणून वापर. या वेळी कोपऱ्यांवर सुईच्या टोकाने फेविकॉल लाव, वाळल्यावर तो स्वतःच पारदर्शक होतो, हळू वाळतो एवढंच.

लाइटचं म्हणशील तर सेल उलटा तर नाही ना ते आधी बघ, एलईडीला प्लस-मायनस असतं, उलट जोडला तर लागतच नाही. तरी नाही लागला तर त्या बारीक तांब्याच्या तारेवर जो लाखेसारखा थर असतो तो टोकाला ब्लेडने खरवडला नसेल, तो इन्सुलेशन आहे, त्याच्यावरून पीळ देऊन काही उपयोग नाही. आणि हे हॉस्टेलवालीसाठी नाही, घरात लहान मूल असलेल्या बाकी सगळ्यांसाठी सांगतेय, ते चपटे बटन सेल स्क्रूने बंद होणाऱ्या डबीतच ठेवा. गिळला गेला तर अन्ननलिकेत काही तासांत आतून भाजतं, वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल.

प्रश्न : घर छान झालं पण बार्बी दारातून आत जात नाही. मोजमाप चुकलं का? – मल्हारगंज

उत्तर : नाही हो. बाहुलीघराचं नेहमीचं माप १:१२, म्हणजे खऱ्या घरातला एक फूट इथे एक इंच. सात फुटी दार सात इंचाचं, आणि तुमची बार्बी साडेअकरा इंचाची, म्हणजे साधारण १:६. तिला दुप्पट मोठं घर लागेल. पाच-साडेपाच इंचाची बाहुली आणा. माप तर जुनंच आहे, ज्यांनी नवी दिल्ली बांधली त्या लुटयेन्सनी १९२१ ते १९२४ मधे इंग्लंडच्या क्वीन मेरीसाठी बाहुलीघर केलं तेही १:१२ च, आणि त्यात नळाला पाणी येतं! आपल्या पितळी भातुकलीचं सांगायचं तर ती या घरात ठेवली की पातेलं बाथटबएवढं दिसतं, त्यामुळे ती भातुकली वेगळीच खेळू द्या.

प्रश्न : घर इंदूरच्या राजवाड्यासारखं करायचं होतं, खालचा भाग दगडी आणि वर लाकडी. लाकडी भागाला स्टेन (लाकडात मुरणारा रंग) लावला तर जिथे जिथे जोड आहेत तिथे पांढरट डाग राहिले, दुसरा हात दिला तरी तसेच. सगळी मेहनत वाया गेली का? – राजेंद्रनगर

उत्तर : कल्पना मस्त आहे भिया, खऱ्या राजवाड्याचेही खालचे तीन मजले दगडी आणि वरचे चार लाकडीच. डाग पडले ते गोंदाचे. फेविकॉल बाहेर आला तो तुम्ही बोटाने पुसला, म्हणजे पसरवला, तो लाकडाच्या छिद्रांत बसला आणि आता तिथे स्टेन शिरत नाही, मग दहा हात द्या. ओल्या फडक्याने पुसून पाहा, जिथे लाकूड भिजून गडद होत नाही तिथे गोंद. (हे एमडीएफवर करू नका, आणि स्टेनही त्याच्यावर कुठे खुलतो.) तो भाग २२० नंबरच्या पेपरने रेषांच्या दिशेने घासा, पण जपून, किटच्या प्लायचा वरचा थर कागदासारखा पातळ असतो, एकदा आरपार गेलात की खालचा आडवा थर दिसायला लागतो. घासूनही जात नसेल तर स्टेन सोडा, गडद तपकिरी अॅक्रिलिक रंग घ्या, ब्रश जवळजवळ कोरडा करून फिरवा, राजवाड्याचं लाकूड तसंही काही नवं कोरं नाहीये.

खालच्या दगडांसाठी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे फाडा, कापू नका, फाडलेली कड दगडासारखी खडबडीत येते. तुकडे फेविकॉलने विटांच्या रचनेत लावा, मधे थोडी फट ठेवा, वाळल्यावर आधी गडद राखाडी आणि मग वरून फिका हात. फक्त पुढचा दरवाजा उघडणारा असेल तर बिजागरीच्या बाजूला ३-४ मिमी जागा मोकळी सोडा, नाहीतर दगड जाडीमुळे एकमेकांवर अडतील आणि दार अर्धंच उघडेल.